मोऱ्याचा गुडघा

“लाहूकाका, ह्याचं पेडल कुठंय?” सुटीवरून परतलेल्या डॉक्टर वर्षा मॅडमनी लेझरचं मशीन पुढं ओढत विचारलं.

“कपाटात, मॅडम. पिशवीत गुंडाळून ठेवलंय. बैलाचा पाय पडला तर चुराच व्हायचा ना!”

“मग पंधरा दिवस किरण दिलेत कसे?”

लाहूने ऐटीत बटण दाबलं. तळहातावर लाल ठिपका उमटला. मॅडम हळूच म्हणाल्या, “काका, हा नुसता जागा दाखवायचा उजेड. औषधाचा किरण पेडल दाबल्यावर सुरू होतो. तो डोळ्यांना दिसत नाही.”

लाहूने बटणावरचं बोट काढून घेतलं.

तलासरीजवळच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मलमपट्टी करणारा माणूस हा. २०१७च्या पावसाळ्यात मशीन आलं आणि स्वारी हवेतच चालायला लागली! काळा चष्मा लावून हिरीबायच्या मोऱ्या बैलाच्या सुजल्या गुडघ्यावर रोज लाल उजेड फिरवायचा. हिरीबाय हात जोडून उभी राहायची. परवा यानेच तिला सांगितलं होतं, “जुंप आता. पळतो बघ कसा!”

आणि आज हिरीबाय दारात उभी. मोऱ्या तीन पायांवर. तिच्या हातात लाहूसाठी वास्त्याच्या, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांच्या, भाजीचा डबा.

“माझंच चुकलं रं लाहू. भाताच्या चिखलणीला जुंपला, दोन चकरा मारल्या नि बसला चिखलात. तू हळू जुंप म्हणला असशील, मीच घाई केली. तुझी सगळी मेहनत मातीत घातली मी.”

नुसती मान हलवली असती तरी सुटला असता. मॅडमही रजिस्टरमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. पण तो डबा बघून लाहूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाय हिरीबाय. मी किरण दिलाच नाय. मला मशीनच कळलं नव्हतं. पंधरा दिवस तुला नुसता दिवा दाखवला.”

“नुसता दिवा?” तिने मोऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. “मी डोंगर उतरवून आणत होते त्याला. रोज.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

मॅडमनी गुडघा चाचपला. महिनाभर जुंपायचा नाही म्हणाल्या.

“मग चिखलणी?” लाहूने विचारलं.

“सून नि मी करू. कुदळीनं.”

लाहूने कपाटातून पेडल काढलं, शेणामातीत ठेवलं आणि एक काळा चष्मा हिरीबायला देऊन, एक स्वतः चढवून गुडघ्यापाशी उकिडवा बसला. पेडल दाबताच मशीन टीं टीं करू लागलं.

हिरीबाय वाकली. “तसलंच दिसतंय की.”

“हो,” लाहू मान खाली घालून म्हणाला. “दिसतं तसलंच.”

मग तिने उजेडाकडे पाहिलंच नाही. लाहूचा पाय पेडलवर आहे ना, एवढंच ती शेवटपर्यंत बघत राहिली.