उजव्या हाताची खोली

दाराच्या आत दोन पावले टाकून हेमाताईंनी डावा हात पुढे केला. तिथे न्हाणीघराच्या दाराची आडवी मूठ लागायला हवी होती. हाताला लागले ते गुळगुळीत, सपाट लाकूड. त्यांनी हात वर नेला, खाली आणला, बाजूला सरकवला. एक खाच सापडली तशी तीत बोटे घालून ओढली. आत रिकामे हँगर एकमेकांवर वाजले.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे कपाट आहे."

श्रीनिवासराव दामले दोन्ही हातांत सामान घेऊन त्यांच्या मागे उभे होते. बायकोच्या खांद्यावरून त्यांनी खोलीत पाहिले. न्हाणीघर उजवीकडे होते. पलंग उजव्या भिंतीला होता, सोफा आणि टेबल डाव्या. समोर काचेचे दार, त्यापलीकडे हातभर रुंदीची बाल्कनी आणि मुंबई बंदराचे मातकट पाणी. प्रत्येक वस्तू मापाला तंतोतंत होती आणि एकही आपल्या जागी नव्हती. आरशात पाहावी तशी खोली होती ती.

या खोलीसाठी दोघांनी महिनाभर विश्रांतवाडीच्या गच्चीवर पायपीट केली होती. जहाजाची तिकिटे ठरली तेव्हा श्रीनिवासरावांनी प्रवासी कंपनीच्या अभयकडून खोलीचा नकाशा मागवून घेतला, ट्रेसिंग कागदावर मोठ्या प्रमाणात पुन्हा काढला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर प्रत्यक्ष आखला. भिंतींच्या जागी सुतळी अंथरून ती चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवली, म्हणजे अनवाणी पायाला कळावी. पलंगाच्या जागी दोन बाकडी जोडली. जहाजावर न्हाणीघराला आणि बाल्कनीला उंच उंबरे असतात असे अभय म्हणाला होता, म्हणून चार इंच उंचीच्या दोन सागवानी पट्ट्या तासून आणल्या. तुळशीच्या लग्नापर्यंत रोज सकाळी सहा ते सात हेमाताई त्या सुतळीच्या खोलीत राहिल्या. दारापासून न्हाणीघर दोन पावले, पलंगाच्या कोपऱ्यापासून न्हाणीघर चार, पलंगापासून बाल्कनी पाच.

वरच्या मजल्यावरच्या श्याम नातूंनी आठवडाभर हा प्रकार पाहिला आणि शेवटी न राहवून विचारले, "दामले, बोट इथूनच सुटणार असेल तर सांगून ठेवा. निरोपाला यायला बरं."

"या की," पावले मोजणे न थांबवता हेमाताई म्हणाल्या, "येताना तिकीट काढून या."

काचबिंदूने हेमाताईंची दृष्टी चार वर्षांपूर्वी पुरती गेली होती. पण विश्रांतवाडीच्या घरात पाहुण्याला ते सांगावे लागे. एकोणतीस वर्षांचे घर होते ते. फोडणीच्या डब्यापासून गॅलरीतल्या कुंडीपर्यंत सगळे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. तिथे त्या कुणाचा हात धरत नसत. घराबाहेर पडले की मात्र श्रीनिवासराव उजवा कोपर वाकवीत आणि त्या तो धरीत. गेल्या वर्षी बाणेरला मुलाकडे चार दिवस राहायला गेल्या असताना काचेच्या टेबलावर आपटून त्यांचा गुडघा फुटला. तेव्हापासून केदार आणि सूनबाई त्यांना खुर्चीत बसवून ठेवू लागले. आई, तुम्ही फक्त सांगा, उठू नका, असे अगदी मायेने म्हणत. हेमाताईंनी पुन्हा कुठे मुक्कामाला जायचे नाव काढले नाही.

समुद्राचे नाव मात्र त्यांनी स्वतःच काढले. निवृत्तीनंतर मोठ्या जहाजाने जायचे हे दोघांचे जुनेच ठरलेले होते आणि डोळे गेले म्हणून ठरलेले मोडायचे हे त्यांना मान्य नव्हते. अठरा रात्री, कोलंबो, पेनांग करीत सिंगापूरपर्यंत. दिसत नाही तर बघणार काय, असे एका नातलगाने विचारलेच. तुम्हाला दिसतं, तुम्ही काय काय बघितलंत ते सांगा, असे त्याला उत्तर मिळाले. नवऱ्यापुढे मात्र त्यांनी एक अट ठेवली होती आणि ती थट्टेत सांगितली नव्हती.

"बाहेर तुम्ही धराल तशी येईन. पण खोलीत मला कुणी धरायचं नाही. खोली माझी झाली तर मी पुढे येणार. नाही झाली, तर बोट सुटायच्या आत उतरणार. अठरा दिवस खुर्चीत बसायला मला सिंगापूर नको, बाणेर पुरे."

अट मान्य झाली. म्हणूनच केदार आईवडिलांना गाडीने मुंबईला सोडून परत फिरला नव्हता. साडेचार वाजता जहाजाचा जिना काढून घेणार होते. तोवर तो बंदराबाहेर गाडीतच थांबणार होता.

आता दीड वाजला होता.

श्रीनिवासरावांनी सामान खाली ठेवले, नकाशाची मूळ प्रत काढली आणि बाल्कनीच्या उजेडात धरली. सगळ्यात खाली, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत एक ओळ होती. हा नमुना आहे, एकाआड एक खोल्यांची मांडणी उलट असते.

ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. हडपसरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे त्यांनी तपासणी विभाग सांभाळला होता. डिप्लोमा करून नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवीत. आधी हात बघ, मग माप बघ. सुटा भाग डाव्या हाताचा की उजव्या हाताचा हे ठरल्याशिवाय मोजपट्टीला हात लावायचा नाही. माप केसाएवढे चुकले तर कानस मारता येते, हात चुकला तर अख्खा ढीग भंगारात. एकदा दोनशे ब्रॅकेट त्यांनी असेच भंगारात काढले होते. मापे निर्दोष, हात उलटा. त्या रात्रपाळीच्या सुपरवायझरला काय काय बोललो होतो, ते त्यांना आज शब्दन् शब्द आठवले.

मागे काहीतरी आपटले. हेमाताई पलंगाच्या दिशेने निघाल्या होत्या आणि त्यांची नडगी टेबलाच्या पायाला लागली होती. श्रीनिवासराव धावले, कोपर पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या. "आधी काय झालंय ते सांगा."

त्यांनी सांगितले. काही लपवले नाही, अभयवर ढकलले नाही. आपण सगळी मापे पाहिली, हात पाहिला नाही, असे म्हणाले. हेमाताईंनी टेबलाची कड धरून सगळे ऐकून घेतले. मग फक्त किती वाजले ते विचारले.

श्रीनिवासराव खाली स्वागतकक्षात गेले. रांगेत वीस मिनिटे उभे राहिले. तिथल्या मुलीने त्यांचे बोलणे शांतपणे ऐकून संगणकात पाहिले. जहाज भरलेले होते. शेजारची खोली नेमकी त्यांना हवी तशी होती, पण तिला आतून पुढच्या खोलीचे दार होते आणि दोन्ही खोल्यांत मिळून एकच कुटुंब उतरले होते. बिनखिडकीची एक आतली खोली रिकामी होती, तिचा आकारच निराळा. ती मुलगी मनापासून दिलगीर होती. श्रीनिवासरावांनी तिचे आभार मानले आणि जिन्याने वर आले, कारण लिफ्टमध्ये आरसा होता आणि त्यांना आरसा नको होता.

हेमाताई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर ट्रेसिंग कागदाची गुंडाळी होती.

"नाही ना मिळाली?"

"नाही. हेमा, केदारला फोन करतो. पुढच्या वर्षी नीट चौकशी करून..."

"हा कागद पातळ आहे ना? पलीकडचं दिसणारा?"

"ट्रेसिंग आहे."

"मग उलटा करून काचेवर धरा. आणि बघा."

श्रीनिवासरावांनी कागद उलटा केला आणि बाल्कनीच्या काचेवर दाबून धरला. त्यांच्या वळणदार अक्षरातली सगळी नावे उलटी झाली. खोली मात्र सुलटी झाली. न्हाणीघर उजवीकडे, पलंग उजवीकडे, सोफा डावीकडे. पाठीमागे वळून पाहायची गरज नव्हती. त्यांनी तरी पाहिले.

"तीस वर्षं मी शिवणाचे वर्ग घेतले," हेमाताई म्हणाल्या. "एका बाहीच्या कागदावर दोन बाह्या बेतायच्या. उजवी झाली की कागद उलटा. विश्रांतवाडीतल्या एकीची डावी बाही चुकल्याचं ऐकलंत कधी? तुमच्या कारखान्यात दोन कागद लागत असतील."

श्रीनिवासरावांनी कागदाची पुन्हा गुंडाळी केली.

"पाय महिनाभर एका बाजूला वळलेत, ते आता दुसरीकडे वळवायचेत. तेवढंच करायचंय. तुम्ही बाहेर जा."

"बाहेर म्हणजे?"

"दाराबाहेर. तुम्ही इथे असलात की श्वास रोखून धरता, आणि मला तेवढंच ऐकू येतं. मी उघडेपर्यंत आत यायचं नाही. काही पडलं तरी नाही, मी पडले तरी नाही."

न्हाणीघराच्या उंबऱ्याबद्दल श्रीनिवासरावांना सांगायचे होते. तो चार नव्हे, जवळजवळ पाच इंच होता. हेमाताईंनी तोवर चपला काढून पलंगाखाली सरळ रेषेत ठेवल्या होत्या. ते बाहेर गेले.

लांबच लांब बोळ होता, निळ्या गालिच्याचा. माणसे आपापल्या खोल्यांचे आकडे वाचत जात होती, बॅगा ओढल्या जात होत्या. श्रीनिवासराव दाराशी पाठ न टेकता उभे राहिले. आत पावले वाजत. थांबत. पुन्हा वाजत. एकदा नळ सुटला आणि बंद झाला. एकदा धप्प असा आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, मग पुन्हा पहिल्यापासून पावले. खोल्यांची व्यवस्था पाहणारा एक कर्मचारी टॉवेल घेऊन आला आणि आत जाऊ का म्हणून विचारू लागला. श्रीनिवासरावांनी टॉवेल स्वतःकडे घेतले. मालकीणबाई घर लावताहेत, असे त्याला सांगितले.

पावणेचारला केदारचा फोन आला. आई काय म्हणते, असे त्याने विचारले.

"आत आहे."

"आणि तुम्ही?"

"बाहेर."

केदारने खोदून खोदून सगळे विचारून घेतले आणि त्याचा आवाज बदलला. "बाबा, प्लीज प्रॅक्टिकल व्हा. ती पडली तर? समुद्रात कुठे नेणार तिला? तुमच्याकडे की-कार्ड आहे ना, आत जा आणि तिला घेऊन खाली या. ती म्हणेल ते ऐकायलाच हवं असं नाहीये."

"ऐकायला हवं," श्रीनिवासराव म्हणाले. "ठरलंय तसं." आणि त्यांनी फोन ठेवला.

सव्वाचारला आत काहीतरी मोठे कोसळले. त्यापाठोपाठ हेमाताईंचा दाबलेला, तुटका आवाज आला. श्रीनिवासरावांचा हात आपोआप खिशात गेला. कार्ड कुलपापाशी नेले की हिरवा दिवा लागे आणि दार उघडे. त्यांनी ते कुलपापासून बोटभर अंतरावर धरले. सव्वीस वर्षे त्यांनी लोकांनी केलेले काम तपासले होते. काम चालू असताना कुणाच्या हातातून ते कधी काढून घेतले नव्हते. त्यांनी कार्ड परत शर्टाच्या खिशात ठेवले, पेनाच्या मागे, आणि वरचे बटण लावले.

आत बराच वेळ काही वाजले नाही. बोळातल्या भोंग्यावर सूचना झाली. सोडायला आलेल्यांनी आता खाली उतरावे. पुन्हा केदारचा फोन वाजू लागला. चार पंचवीस झाले होते.

दार आतून उघडले.

हेमाताईंनी साडी बदलली होती. केस नीट बांधले होते. कपाळावर डाव्या बाजूला सुपारीएवढे टेंगूळ आले होते आणि त्यावर ओल्या रुमालाचे पाणी अजून वाळले नव्हते. त्यांच्यामागे कपाट अर्धे उघडे होते. त्यात दोघांचे कपडे लागलेले, रिकाम्या बॅगा पलंगाखाली गेलेल्या. कोपऱ्यातला उभा दिवा आडवा पडला होता.

"तो दिवा नकाशात नव्हता," त्या म्हणाल्या. "फोन द्या इकडे."

त्यांनी फोन कानाला लावला. "केदार, गाडी काढ आता. उशीर केलास तर घाटात अडकशील." पलीकडचे सगळे त्यांनी ऐकून घेतले, दोनदा हो म्हणाल्या, पोचल्यावर कळव म्हणाल्या आणि फोन परत दिला.

श्रीनिवासरावांनी दिवा उचलून भिंतीशी ठेवला. कपाळाला काही लावायला हवे, असे त्यांनी म्हणून पाहिले. लावलंय, असे उत्तर आले. काखेतले टॉवेल न्हाणीघरात नेऊन ठेवायला ते गच्चीवर वळत तसे वळले आणि कपाटासमोर उभे राहिले.

साडेपाचला पायांखालची जमीन बारीक थरथरू लागली. हेमाताई पलंगावरून उठल्या. "सुटली वाटतं. चला, बाहेर उभं राहू."

सवयीने श्रीनिवासराव त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि उजवा कोपर वाकवून उभे राहिले. चार वर्षांत तो हात आपल्याआपणच वाकायला शिकला होता. हेमाताई त्यांच्या शेजारून पुढे गेल्या. पदराचा स्पर्श कोपराला झाला, तेवढाच. उजव्या हाताची बोटे पलंगाच्या कडेवरून सरकत होती, ओठ हलत होते. पाचव्या पावलाला त्यांनी पाय उचलला, उंबऱ्याला न लागता पलीकडे ठेवला आणि कठडा धरला. वाऱ्याने त्यांचा पदर मागे उडाला. धक्का, गोदामे, बंदराची भिंत, सगळे हळूहळू मागे सरकू लागले होते. त्यांनी तोंड त्याच बाजूला वळवले होते.

श्रीनिवासरावांचा कोपर तसाच हवेत राहिला होता. त्यांनी तो सावकाश सरळ केला आणि बाल्कनीकडे निघाले. पण त्यांचे पाय अजून गच्चीवरच होते. दोन पावलांतच पलंगाचा कोपरा त्यांच्या गुडघ्यावर बसला.

"सावकाश," मागे न वळता हेमाताई म्हणाल्या. "पलंग उजवीकडे आहे."

श्रीनिवासराव थांबले. उजव्या हाताने त्यांनी पलंगाची कड चाचपली, आणि पावले मोजत बाहेर आले.