जपून ठेवलेले रोल

सासरे काटकसरी, किती, तर वाकडे खिळे ठोकून सरळ करून पुन्हा वापरणारे. तण येऊ नये म्हणून वाफ्यांवर अंथरायचा, मातीतच विरून जाणारा मल्चिंग पेपर सुनेनं गेल्या वर्षी आणला, तेव्हा विरणारी वस्तू विकत घ्यायचीच कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पण टोमॅटो झकास आले, वाफ्यांत तण माजलं नाही, आणि हंगाम संपल्यावर प्लॅस्टिकच्या चिंध्या वेचत कुणाची कंबर मोडली नाही. तोंडभर कौतुक करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पुढच्या वर्षी सगळा मळा तू बघ, एवढंच म्हणाले. नवरा मात्र धुसफुसला. बघू जमतं का, म्हणाला.

यंदा पेपरच्या रोलची सोय मी केलीय, असं सासरे म्हणाले म्हणून ती निर्धास्त होती. रोपं लागवडीला आली, तिनं वाफ्यावर पेपर ओढायला घेतला, आणि दोन हात जातो न जातो तोच तो टर्रकन फाटला. दुसरा रोलही तसाच. तिनं रोलच्या पुठ्ठ्यावरची तारीख पाहिली. हे गेल्या वर्षीचेच उरलेले रोल होते. ते ठेवले तर टिकत नाहीत, वांग्यांच्या वाफ्यांवर घालून संपवा, असं तिनं बजावलं होतं. सासऱ्यांनी ते गुपचूप पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत वर्षभर जपले होते.

नवऱ्याला आयतंच निमित्त मिळालं. म्हटलं नव्हतं, जुनं जाड प्लॅस्टिकच बरं? उद्यापासून मळा मी बघतो.

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मुलासमोर खाली पाहायला लावून मिळणारा मळा तिला नको होता. वाईट मात्र फार वाटलं, डोळे भरून आले.

सासरे फाटका तुकडा बोटांत चुरत उभे होते. साधा रस्ता चुकला तरी रस्त्यालाच दोष देणारा माणूस.

"तिनं मला दोनदा सांगितलं होतं," ते मुलाला म्हणाले. "मला वाटलं, मातीत घातल्याशिवाय ते कशाला विरतील? मीच लपवून ठेवले. चूक माझी आहे."

सासरे सुनेकडे वळले.

"बाळ, मळा तुझा आहे. आम्ही दोघांनी आता काय करायचं, ते सांग."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि दोघांना पेपरऐवजी वाफ्यांवर अंथरायला पेंढा आणायला पाठवलं.