जास्तीचा सूर

सगळे थांबले, आणि सोलोमनची पेटी एकटीच एक सूर पुढे गेली.

चर्चच्या हॉलमध्ये गोलात बसलेली माणसं हसली. डेक्लनने टिनची, बासरीसारखी शिटी ओठांवरून काढली. "सॉली, तुझी बस अजून यायचीय का?"

"सॉरी," सोलोमन म्हणाला. "हात जातो."

"जाऊ दे की," ब्रिजी म्हणाली. तिने गज खाली घेऊन फिडल मांडीवर आडवं ठेवलं. "पण तो सूर तिथे नाहीच आहे. धून संपली की संपली."

"संपली कशी, सिस्टर? पहिल्या मात्रेवर परत यायला नको?"

"सिस्टर वॉर्डात. इथे ब्रिजी. आणि परत कशाला यायचं? थांबायचं, चहा प्यायचा."

सोलोमनला ते पटलं नाही. चहा मात्र तो प्यायला.

सोलोमन रोहेकर लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होता. माणूस मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. थोरला भाऊ मोझेस कीर्तन करायचा. दावीद राजाचं, योसेफाचं आख्यान लावायचा, आणि सोलोमन पेटीवर साथ धरायचा. पुढे मोझेस इस्रायलला आणि सोलोमन इंग्लंडला गेला. तिथे मराठी कीर्तन ऐकायला कुणाला सवड नव्हती, आणि इथे सोलोमनची पेटी वॉर्डरोबवर चढून बसली.

ती खाली उतरली ब्रिजी फॅरेलीमुळे. ब्रिजी बायकांच्या वॉर्डची सिस्टर. एकदा घाईचं सॅम्पल घेऊन ती स्वतःच लॅबमध्ये आली आणि रिपोर्टची वाट बघत आयरिश नाचाची एक धून गुणगुणू लागली. सोलोमनचा डोळा सूक्ष्मदर्शकाला होता. डाव्या हाताची बोटं आपोआप टेबलावर ठेका धरू लागली.

"तुला जिग माहितीय?" तिने चकित होऊन विचारलं.

"जिग नाही. आमच्याकडे याला दादरा म्हणतात. सहा मात्रा."

"मग मंगळवारी ये," ती म्हणाली.

पट्टीचे वाजवणारे शनिवारी पबमध्ये जमत. ज्यांना तो वेग झेपत नसे त्यांच्यासाठी ब्रिजीने मंगळवारची संध्याकाळ ठेवली होती. तिला ती स्लो सेशन म्हणायची. कागद नाही, नोटेशन नाही. ब्रिजी धुनेचा एक तुकडा सावकाश वाजवी, सगळे तो परत वाजवत, मग पुढचा तुकडा. मोझेसने सोलोमनला असंच शिकवलं होतं. त्यामुळे बाकी काही जड गेलं नाही, अडलं ते शेवटाशी. आवर्तन पुरं झालं की समेवर येऊन टेकायचं, हे त्याच्या हाडात होतं. आयरिश धून समेच्या आधीच हात झटकून उठायची.

घरी आल्यावर त्याची बायको शुलामीथ विचारायची, "आज तरी सगळ्यांबरोबर थांबलात का?"

"नाही गो."

"जेवायला बसल्यावर पण तुमचं तेच. सगळे उठले की तुमचा एक घास बाकी."

तो हसायचा, आणि रात्रीची भांडी होईपर्यंत थांबण्याची प्रॅक्टिस करायचा. शेवटच्या मात्रेला बोटं उचलून चक्क वर धरायची. शुलामीथला ते ध्यान बघून हसू आवरत नसे.

१९७४च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले. माणसं मेली. आयरिश लोकांनीच ठेवले, असं सगळे म्हणू लागले.

पुढच्या मंगळवारी हॉलवर ब्रिजी, डेक्लन आणि सोलोमन, अशी तिघंच आली. दाराला कुलूप होतं. केअरटेकर बाहेरच उभा होता. "सध्या नको," एवढंच तो म्हणाला, बुटांकडे बघत. ब्रिजी फुटपाथवर हळू आवाजात बोलली. वॉर्डातल्या एका बाईने तिचे उच्चार ऐकून दुसरी नर्स मागितली होती. "मी हे बंद करते, सॉली. इतक्यात कुणाला आमचं काही ऐकायचं नाहीये."

सोलोमन घरी आला. पेटीवर जुनी चादर गुंडाळली आणि स्टूल ओढलं.

"कुठे ठेवताय?" शुलामीथने विचारलं.

"वर."

"मोझेस भावजी गेले तेव्हा ठेवलीत, ती किती वर्षं वरच होती. तुम्ही पण तिच्याबरोबर वरच होतात."

सोलोमन स्टुलावर चढला नाही. "इथे बोलवू त्यांना? पुढच्या खोलीत?"

शुलामीथने खिडकीकडे पाहिलं. मागच्या वर्षी कुणीतरी दगड मारून त्या खोलीची काच फोडली होती. का, ते विचारायची गरज पडली नव्हती. नवी काच बसवल्यापासून ती पडदा ओढूनच ठेवायची.

"बोलवा," ती म्हणाली. "पण खिडकी बंद. आणि हळू वाजवायचं."

मंगळवारी ब्रिजी आणि डेक्लन आले. ब्रिजीने बाजाराची चाकांची पिशवी ओढत आणली होती. वरचा कोबी तिने बाजूला केला. खाली टॉवेलात गुंडाळलेलं फिडल होतं.

"केस घेऊन निघाले की लोक वळून बघतात," ती म्हणाली. "बसमध्ये मी तोंडसुद्धा उघडलं नाही. कंडक्टरसमोर नुसते पैसे धरले."

"तुमचं बरं आहे," शुलामीथ म्हणाली. "गप्प बसलं की भागतं. आम्हाला अख्खं तोंडच कोबीखाली घालावं लागेल."

सोलोमनने घाबरून बायकोकडे पाहिलं. पण ब्रिजी हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. शुलामीथने कोबी उचलला. "हा राहू दे इथे. चिरते. भाजी खाऊन जा."

ती स्वयंपाकघरात गेली. ब्रिजीच्या आजीची म्हणून जी जिग ते सगळे शिकत होते, तीच त्यांनी धरली. अगदी हळू. गज तारेला जेमतेम टेकत होता, डेक्लन शिटीत नुसता श्वास सोडत होता. सोलोमनने भाता दोन बोटांनी धरला होता. आवर्तन सरलं, आणि तिघं थांबली. तिघं, एकदम. सोलोमनची बोटं वर होती.

ब्रिजीने गज खाली घेतला नाही.

"माझा सूर कुठेय?"

"शिकलो आता, ब्रिजी," सोलोमन म्हणाला.

"आजच शिकायचं होतं?" ब्रिजी म्हणाली. "सगळे आठवडाभर थांबलेच आहेत माझ्यापाशी येऊन. दारात थांबले, बोलता बोलता थांबले. मला वाटलं, तू तरी एक सूर पुढे जाशील."

स्वयंपाकघरातला विळीचा आवाज बंद झाला होता. शुलामीथ बाहेर आली, कुणाकडे न बघता खिडकीशी गेली, पडदा सारला आणि तावदान वर ढकललं. थंड हवा आत आली.

"शेगडीने कोंडल्यासारखं होतंय," ती म्हणाली.

शेगडी पेटवलेलीच नव्हती.

"परत घ्या," ती सोलोमनला म्हणाली. "नि नीट वाजवा. कीर्तनात वाजवायचात तसं."

त्यांनी परत धरली. या वेळी गज तारेवर पुरा टेकला आणि शिटी खणखणीत वाजली. समोरच्या बसस्टॉपवर टोपी घातलेली एक बाई उभी होती. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. शुलामीथ खिडकीतून हलली नाही. हातात विळीजवळून तसंच आणलेलं कोबीचं पान होतं.

धून संपली. फिडल थांबलं, शिटी थांबली. पेटी एकटीच पुढे गेली आणि समेवर येऊन टेकली. सोलोमनने बोट उचललं नाही. भात्यात हवा होती तोवर तो सूर खिडकीतून बाहेर जात राहिला.

बस आली. टोपीवाली बाई चढली. भाता हळूहळू मिटला.