कलावंताचा वस्तरा

त्या न्हाव्याची ख्याती अशी, की तो मध्येच थांबायचा. वस्तरा गालापासून बोटभर लांब, नजर आरशापलीकडे. गिऱ्हाइकं श्वास रोखून म्हणायची, कलावंत विचार करतोय. त्याला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हल्ली साबण लवकर वाळतो, एवढीच त्याची तक्रार. तीनदा साबण बदलून झाला होता.

एकदा तो सासऱ्यांच्या गळ्याशी थांबला. जावयाच्या हातात वस्तरा असताना तोंड उघडू नये, हे सासऱ्यांना कळत होतं. बायकोने एका हाताने वस्तरा काढून घेतला आणि दुसऱ्याने मोबाइलवर शूटिंग केलं.

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा पाहिलं. पडद्यावरचा माणूस शेळीसारखे ओठ चघळत सासऱ्यांच्या कॉलरचं बटण चाचपत होता.

"ही फीट आहे."

"काहीतरीच! फीट म्हणजे माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो. मी तर उभा आहे."

"ती एक तऱ्हा, सगळ्या मेंदूत पसरणारी. काही मुलं वर्गात दहा सेकंद हरवतात अन् मास्तरांचा मार खातात, ती दुसरी. तुमची मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होते. डोळे उघडे, आत कोणी नाही. गोळ्या रोज घ्यायच्या. सहा महिने एकही फीट येता कामा नये. तोवर वस्तरा बंद, कात्री बंद, गाडी बंद, पोहणं बंद."

"पोहायला मला येतच नाही."

"तेही बंद."

वस्तरा मेहुण्याकडे गेला. त्याचा हात असा, की गिऱ्हाईक उठल्यावर आधी कान मोजायचं. न्हावी केस झाडायचा, टॉवेल वाळत घालायचा आणि दिवस ढकलायचा. झाडू मारणाऱ्याला कोणी कलावंत म्हणत नाही.

पाच महिने अकरा दिवस झाले. दुपारी मेहुणा जेवायला गेला होता. न्हावी टॉवेलांच्या घड्या घालत होता, आणि बाकावर दाढीसाठी थांबलेला म्हातारा एकदम त्याचं मनगट धरून समोर उभा दिसला. तो बाकावरून उठला कधी, चालत आला कधी, काही पत्ता नाही.

"किती वेळ?" न्हाव्याने विचारलं.

"मिनिटभर." म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. "दुकानात तू आणि मी. माझ्या तोंडून चकार शब्द जायचा नाही. सहा महिन्यांना थोडेच दिवस राहिलेत, बाबा. तुझा मेहुणा मला जिवंत सोलतो रे!"

न्हाव्याने त्याच्या गळ्याकडे पाहिलं. कातडी सैल, पातळ, आणि तिच्याखाली एक शीर टकटक उडत होती.

त्याने बायकोला फोन लावला.

"पुन्हा झालं."

ती म्हणाली, "खाली बस. मी येते."

तो बसला. म्हाताराही कपाळाला हात लावून शेजारी बसला, आणि दोघं मेहुण्याची वाट बघू लागले.