रखमाजीचा कोंबडा

चतुराबाईच्या कोंबड्यांना कोंडा झाला तो रखमाजीच्या कोंबड्यामुळं, हे केदारखेड्यात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. रखमाजी हा तिचा भिंतीपलीकडचा शेजारी. बायको नाही, लेकरू नाही, अंगभर खपल्या. बसेल तिथं पांढरा भुगा पडायचा. जन्मभर गावानं त्याला हात लावला नाही. चहासुद्धा दुरून सरकवला. गाव करी ते राव न करी, आणि चतुराबाई काही राव नव्हती. दिवाळीनंतर तो मेला. पुतण्या कल्याणनं दाराला कुलूप घातलं आणि हात झटकले. कोंबडा तेवढा मागं राहिला.

आता त्या कोंबड्याच्या तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखा थर चढला होता. मानेची पिसं झडून कातडीचे पापुद्रे निघत होते. बघता बघता चतुराबाईच्या कोंबड्यांचे तुरेही पांढरे पडले. नवरा गेल्यापासून तिचं बोलणं ऐकून घ्यायच्या त्या या कोंबड्याच. घरात बाकी कुणाला सवड होती? पण सून सुरेखाचं लेकरू रांगायला लागलं होतं.

"आत्याबाई, पुढल्या शनिवारपर्यंत बऱ्या झाल्या तर ठीक," सुरेखा म्हणाली. "न्हाई तर सगळ्या मारून पुरून टाकू. लेकराला लागलं मंग?"

तिचं चुकत नव्हतं, म्हणून तर चतुराबाईला जास्त राग आला.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक कोंबडी उलटीपालटी करून पाहिली. "बुरशी आहे, मावशी. एकीची दुसरीला लागते, माणसालाही लागू शकते. हातमोजे घालायचे. कोमट पाण्यानं खपल्या भिजवायच्या, ओरबाडायच्या नाहीत. कोरडं करून हे मलम चोळायचं. खुराड्यातला भुसा जाळा, आतून चुना मारा. आणि तो कोंबडा आधी धरा."

"रखमाजीचंच लागलं असंल त्याला."

"छे. रखमाजीला सोरायसिस होता. तो कुणालाच लागत नाही. हात धरला तरी नाही."

चतुराबाईनं मलम पदराच्या गाठीत बांधलं आणि घर गाठलं. रस्त्यात कुणी काय विचारलं तेही तिला ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तसं तिनं सगळं केलं, कोंबडा तेवढा हाती लागला नाही. तुरे लाल व्हायला लागले. पण दुपार टळटळीत झाली, गाव दारं लोटून पडलं, की कोंबड्या रांगेनं रखमाजीच्या दाराखालच्या फटीतून आत शिरायच्या आणि परत यायच्या त्या पांढऱ्या होऊनच. कितीही औषध करा, पालथ्या घड्यावर पाणी. एके दुपारी तिनं दाराच्या भेगेला डोळा लावला. जमिनीवर ताजी ज्वारी पडली होती आणि कोंबड्या टिपत होत्या. बाजेवर कोंबडा डोळे मिटून बसला होता, मांडीवर बसावा तसा. त्याच्याखाली बाजेची दोरी चांगली खोलगट झाली होती. कोंबड्याच्या वजनानं एवढी दोरी दबत नाही. खोटं कशाला सांगा, चतुराबाई उलट्या पावली घरी आली.

तरी शनिवार तोंडावर होता. तिनं कल्याणकडं किल्ली मागितली. त्यानं ती मोटारसायकलवरूनच फेकली. "तुम्हीच उघडा, काकू. मला जल्दी हाय, भोकरदनला चाललो." पुतण्या असावा तर असा.

शुक्रवारी दुपारी तिनं कुलूप काढलं. कोंबड्या तिच्या पायांमधून भराभरा बाहेर पडल्या. आत भर एप्रिलात गारवा होता. हातमोजे घालून ती बाजेकडं गेली तसा कोंबडा उडाला नाही. कुणाच्या पाठीमागं दडावा तसा टोकाला सरकला. बाज करकरली. दोरीतला खोलगटपणाही त्याच्याबरोबर सरकला.

"रखमाजी भाऊ," ती म्हणाली. तो जिता असताना तिनं कधी त्याला तोंडावर हाक मारली नव्हती. "कोंबड्या उद्या जिवानिशी जातील माझ्या. मलम लावते अन् जाते."

काहीच हललं नाही. मग तिची नजर आपल्याच हातांवर गेली. माणसाच्या घरात येऊन हे असं. तिला स्वतःचीच शरम वाटली. तिनं हातमोजे काढून ठेवले आणि बाजेच्या कडेला टेकली. कोंबडा आपणहून जवळ आला.

तिनं ओल्या फडक्यानं त्याच्या खपल्या भिजवल्या, अलगद पुसल्या, तुऱ्याला आणि मानेला मलम चोळलं. चोळता चोळता तिला रडू आलं. एवढंच तर होतं, बोटभर मलम, आणि तेवढंही कुणी केलं नव्हतं. तिनं एका हातानं पदर डोळ्यांना लावला, दुसरा हात चोळतच राहिला.

बाहेर कोंबडा आरवला.

चतुराबाईनं दाराकडं पाहिलं. अंगणात, तिच्या कोंबड्यांच्या मधोमध, रखमाजीचा कोंबडा उन्हात उभा होता. मलमानं तुरा चकाकत होता. आणि तिचा हात अजून चोळत होता. बोटांखाली रुंद, कोरडी, खरखरीत कातडी होती. श्वासागणिक हळूच वर येत होती, खाली जात होती.

"आत्याबाई," भिंतीपलीकडून सुरेखानं हाक दिली, "झालं का?"

चतुराबाईनं हात मागं घेतला नाही. उरलेलं मलम पिळून बोटावर घेतलं.

"येते," ती म्हणाली. "थोडं राह्यलंय."