रिकाम्या खुर्चीवरचा गांबा

मित्रांनो, मी एक जुना गांबा आहे. नाव ऐकून हसू नका. गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचे, सात तारांचे वाद्य म्हणजे गांबा. माझ्या तारा धातूच्या नाहीत, मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या आहेत. अशी तार हवेच्या लहरीवर जगते, म्हणून मला रोज सुरात आणावे लागते. एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले.

माझा जन्म पावणेतीनशे वर्षांपूर्वी हंगेरीत, डॅन्यूब नदीच्या काठच्या एका लहान गावात झाला. कारागिराने माझ्या डोक्यावर एका बाईचा चेहरा कोरला, पण तिच्या डोळ्यांना बुबुळे द्यायची तो विसरला. काही पिढ्यांनी माझे फार कौतुक केले. मग मोठ्या आवाजाची नवी वाद्ये आली आणि माझी रवानगी एका चर्चच्या माळ्यावर झाली. तिथे उंदरांनी माझ्या पोटात बिऱ्हाड थाटले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

गाश्पारने मला तिथून खाली आणले. जुने संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवणाऱ्या पाच जणांच्या मंडळात तो होता. एकतीस वर्षे त्याने मला वाजवले. माझ्या मानेच्या मागे त्याच्या अंगठ्याने झिजून एक खळगा पडला. रोज सकाळी चहाच्याही आधी तो माझ्या खुंट्या पिळायचा आणि कान लावून ऐकायचा. तेवढे लाड माझे कुणी केले नाहीत.

गेल्या वर्षी गाश्पार वारला. त्या मंडळाची एक रीत आहे. कुणी गेले की त्याचे वाद्य वर्षभर त्याच्या खुर्चीवर ठेवायचे आणि इतरांनी त्याच्याभोवती बसून वाजवायचे. गाश्पारची मुलगी इलोना त्याच मंडळात दुसरा, लहान गांबा वाजवते. ती रीतीच्याही एक पाऊल पुढे गेली. खुंट्यांना शेवटचा हात बाबांचा लागला आहे, तेव्हा आता कुणी त्यांना हात लावायचा नाही, असे तिने सर्वांना बजावले.

पहिल्याच कार्यक्रमात मी गुणगुणलो. शेजारी आपला सूर वाजला की न छेडलेली तारही थरथरते, हे तुम्हाला ठाऊक असेल. मलाही ठाऊक होते. तरी खरे सांगतो, तो आवाज मला माझा वाटला नाही. माझ्या पोटात कुणीतरी श्वास घेत होते. श्रोते रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. इलोना रडली, पण ते सुखाचे रडणे होते.

मग ऋतू पालटले. एकेक तार उतरत गेली, आणि मी भलत्याच सुराला कण्हू लागलो. गोड जागी गप्प, आणि मध्येच एक लांब हुंकार. इलोनाला वाटले, बाबा रागावले. ती माझ्या बिनबुबुळांच्या डोळ्यांत बघून विचारायची, माझे काय चुकले? मी काय सांगणार? मलाही तेच वाटायला लागले होते. अखेर तिचा धीर सुटला. इंग्लंडचा दौरा आटोपला की मला संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात कायमचे ठेवायचे, असे तिने ठरवून टाकले.

दौऱ्याचा शेवटचा मुक्काम साउथहॅम्प्टनला होता. संध्याकाळचा कार्यक्रम तिथल्या चर्चमध्ये होता, आणि आम्ही आमच्या तिथल्या यजमान डॉक्टर सुलक्षणाबाईंच्या घरी उतरलो. इस्पितळात भूल देण्यात त्यांचा जन्म गेला, आता त्या निवृत्त आहेत. दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत तालीम सुरू झाली, आणि मी कण्हलो.

बाईंची मुलगी वरदा जिन्यातच थबकली. "आई, ते वाद्य स्वतःच वाजतोय. कोणी टच पण केला नाही. It's really creepy."

"क्रीपी काही नाही," बाई म्हणाल्या. "उतरलंय ते."

तालीम थांबली. इलोनाने वडिलांच्या रागाची सगळी हकीकत त्यांना सांगितली.  बाईंनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली. भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"हा माझ्या नवऱ्याचा," त्या इलोनाला म्हणाल्या. "मिलिंद गेल्यावर सहा वर्षं मी याला हात लावला नाही. हीटिंगनं आतल्या आत सुकत गेला. मला वाटायचं, मी त्याला जपतेय. तुझे बाबा रागावलेले नाहीत गं. त्यांचं वाद्य कुणी लावत नाहीये, एवढंच झालंय."

इलोनाने त्या तड्यावरून बोट फिरवले. मग तिने मला खुर्चीवरून उचलले आणि पहिल्या खुंटीला हात घातला.

मित्रांनो, मला त्या क्षणी भीती वाटली. ती एकेक तार चढवत होती आणि माझ्या पोटातला तो श्वास विरळ होत होता. सातवी तार लागली तेव्हा आत कुणीच नव्हते. इलोनालाही ते कळले असावे, कारण तारेवर टेकवलेला गज तिने एकदा परत उचलला. मग पुन्हा टेकवून ओढला. आवाज निघाला तो गाश्पारचा नव्हता. तो जरा कोरडा होता, घाबरलेला होता, आणि तिचा होता.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये मी वर्षभराने पुन्हा गायलो. खुर्ची रिकामी राहिली नाही. काचेच्या कपाटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुमच्याही घरात गेलेल्या माणसाचे काहीतरी झाकून ठेवलेले असेल. ते उघडा, पुसा, वापरा. आत तो माणूस नसतो, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मला ते आजही ठाऊक नाही. पण ती वस्तू तिथे असते, आणि ती सुकत असते.

इलोनाचा अंगठा लहान आहे, त्या खळग्यात तो नीट बसत नाही. वाजवता वाजवता कधी घसरून आत जातो, तेव्हा ती क्षणभर डोळे मिटते आणि मी जरा जास्त जोरात गातो.