वुथी फोनवर काय बोलत होता

माझ्या धाकट्या बहिणीने, बुआलाईने, सरहद्दीपलीकडच्या खमेर माणसाशी लग्न केलं तेव्हा गावात कुणाला काही वाटलं नाही. वाटायचं काय? आमची आजी मरेपर्यंत खमेरच बोलायची. निम्मं गाव आजही म्हाताऱ्या माणसांशी खमेर बोलतं आणि शाळेत, कचेरीत थाई बोलतं. सरहद्द वर डोंगरावर आहे आणि आम्ही खाली राहतो. वुथी पलीकडून रबराच्या मळ्यात कामाला आला आणि राहिलाच. कागदपत्रं त्याच्याकडे कधी धड नव्हती, पण मुलगी झाली, चोम्पू, आणि मग कोण विचारतंय.

पेट्रोलपंपासमोर रस्त्याच्या अलीकडे माझी शेवयांच्या सूपची गाडी असायची. वुथी रोज सकाळी मळ्यातून आला की माझ्याकडे वाडगाभर सूप प्यायचा आणि त्यात मासळीचा खारट रस ओतत राहायचा.

"तुमच्या देशात मीठ मिळत नाही का रे?" मी म्हणायची.

"मिळतं ताई. पण तुमची जीभ तिखट आणि सूप गोड. काहीतरी मेळ बसवायला नको का?"

असा होता तो. कुणी चिडवलं की आधी स्वतःच हसायचा.

त्या दिवशी उजाडल्यापासून डोंगरावर दोन्हीकडच्या सैनिकांचा गोळीबार चालू होता. तसं अधूनमधून चालायचं, म्हणून मी पातेलं चुलीवर ठेवलंच होतं. पण थोड्या वेळाने तोफा सुरू झाल्या आणि सरपंच भोंग्यावरून ओरडायला लागला, "सगळे निघा! जनावरं सोडून द्या! भांडीकुंडी घेऊ नका, माणसं घ्या!" शाळेची पोरं आधीच ट्रकमध्ये बसवून तालुक्याला पाठवली होती. चोम्पू त्यातच होती. बाकी सगळं गाव गाड्यांमध्ये डिझेल भरायला पंपावर लोटलं, कारण पुढे तालुक्यापर्यंत पंप नाही.

वुथीने आपली जुनी पिकअप रांगेत लावली. बुआलाई पंपाच्या दुकानात शिरली. तिथे पोरांसाठी दूध, पाण्याच्या बाटल्या घ्यायला बायकांची झुंबड उडाली होती. आमच्या शेजारच्या कामनुआनची बायको राम्पाय आणि त्याचा मोठा मुलगा तोनही आतच होते. कामनुआन स्वतः माझ्या गाडीशेजारी झाडाखाली आपल्या ट्रॅक्टरची ट्रॉली दोरीने बांधत उभा होता.

रांग हलेना म्हणून वुथी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "ताई, सिलिंडर द्या, गाडीत टाकतो. आणि तो सत्तूर ठेवा आता, कुणाला कापायचंय?"

"हाडं कापायचीत. तू बघ तुझं काम."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून त्याची आई होती. तिचं गाव डोंगराच्या त्या अंगाला, आणि आमच्या बाजूच्या तोफांचे गोळे तिथे पडत होते. आवाज नीट येत नव्हता, म्हणून तो एका कानात बोट घालून खमेरमध्ये मोठमोठ्याने बोलत होता. आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं. परगावच्या गाड्याही होत्या रांगेत, ती माणसं त्याला ओळखत नव्हती.

मग वरून शिट्टी आली. ती शिट्टी कशी असते ते सांगता येत नाही. एवढंच कळतं, की ती आपल्याकडेच येतेय.

पहिलं रॉकेट पंपामागच्या भातात पडलं आणि झाडाएवढा चिखल वर उडाला. दुसरं कुठे पडलं ते मी पाहिलंच नाही. तिसरं दुकानावर पडलं.

मी पालथी पडले होते. तोंडात माती आणि रक्त. कानात नुसती घूं घूं. मान वर केली तर दुकानाचं छप्पर रस्त्यावर होतं आणि जिथे दुकान होतं तिथे आग होती. रांगेतल्या दोन गाड्या पेटल्या होत्या. एका गाडीचं दार उघडं होतं आणि चालवणारा अजून तसाच स्टिअरिंग धरून बसला होता, पण त्याला डोकं नव्हतं. एक बाई काळीठिक्कर होऊन चालत बाहेर आली, चार पावलं चालली आणि खाली बसली. पुन्हा उठली नाही.

वुथी माझ्या आधी उठला होता. तो सरळ आगीत शिरला. पंपावरच्या एका पोरीला ओढत बाहेर आणलं, तिचे केस जळत होते, ते त्याने हातांनीच विझवले आणि तो परत आत गेला. कामनुआनही धावला, पण आत गॅसची टाकी फुटली आणि पंपाच्या माणसांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. तो "तोन! तोन!" करून ओरडत होता. माझ्या कानांत आवाज हळूहळू परत येत होता आणि तो पहिला आवाज होता.

वुथी दुसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांत बुआलाई होती. मी तिला तिच्या सपातांवरून ओळखलं. तिच्या पोटाच्या खाली काही धड राहिलं नव्हतं. तो रस्त्यात बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला हाका मारायला लागला. खमेरमध्ये. घरात ते दोघं तसंच बोलायचे.

"हा तर खमेर आहे!" परगावचा एक जण ओरडला.

 मग कामनुआनचा आवाज आला. तो आवाज त्याचा वाटत नव्हता. "हाच! आत्ता फोनवर बोलत होता! ह्यानेच सांगितलं त्यांना कुठे टाकायचं ते!"

पुढचं इतक्या पटकन झालं की कुणी सुरुवात केली ते मला आजही सांगता येणार नाही. कुणाच्या तरी हातात हेल्मेट होतं, ते त्याच्या तोंडावर बसलं. मग लाथा. एकाने टायर खोलायची पहार आणली. वुथीने हात वर केले नाहीत, बुआलाईवर ओणवा झाला, आणि त्यांनी त्याला तिच्यावरून ओढून काढायला तिलाही लाथा मारल्या. माझ्या मेलेल्या बहिणीला. तिचं अंग रस्त्यावर गडगडलं आणि लोक तिच्यावरून पाय टाकून त्याला मारत होते. पहार कामनुआनच्या हातात आली. बरगडी मोडल्याचा आवाज झाला. त्याने पहार पुन्हा उचलली, आता डोक्यावर घालणार.

सत्तूर माझ्या हातातच होता. पडले तेव्हाही सुटला नव्हता. मी तो त्याच्या दंडावर घातला.

हाडाला लागला. मी रोज डुकराची हाडं तोडते, मला कळतं. पहार खाली पडली आणि कामनुआन हात धरून गुडघ्यांवर बसला. रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी वुथीच्या अंगावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून उभी राहिले आणि ओरडायला लागले. तोंडातून थाई आलीच नाही. आजी जशी बोलायची तशा खमेर शिव्या आल्या, डुकरांना घालायच्या, कोंबडीचोरांना घालायच्या, सगळ्या.

"मीही खमेर बोलते! मारा मला! तुझी आजी काय बोलायची रे? आणि तुझी? या, पुढे या, कोण येतंय?"

जे आमच्या गावचे होते त्यांनी खाली पाहिलं. परगावचा तो पहिला माणूस मात्र पुढे आला. मी सत्तूर त्याच्या नाकासमोरून फिरवला, तो थांबला. त्याच्या मागे अजून चार जण होते. मी एकटी किती वेळ टिकले असते?

तेवढ्यात पुन्हा ती शिट्टी आली. सगळे नाल्यात उड्या टाकायला पळाले. मी वुथीला काखांत धरून ओढलं, नाल्यात ढकललं आणि त्याच्यावर पडून राहिले. ही रॉकेटं पुढच्या मळ्यात पडली. माती आमच्यावर पडत राहिली. तो माझ्याखाली म्हणत होता, "ताई, ती एकटी आहे रस्त्यात. ताई, सोडा मला." मी सोडलं नाही.

सैनिक आणि रुग्णवाहिका आल्या तेव्हा ज्यांनी त्याला मारलं होतं तेच लोक जखमींना उचलत होते. कामनुआनला आणि वुथीला एकाच गाडीत टाकलं. दोघांच्या मध्ये मी बसले.

राम्पाय आणि तोन दोघंही गेले होते.

बुआलाईला अग्नी दिला तेव्हा वुथी इस्पितळात होता, खाटेशी पोलीस बसलेला. चोम्पूनेच निरोपाचं चंदनाच्या लाकडाचं फूल आईवर ठेवलं. भिक्षू मंत्र म्हणत होते आणि डोंगरावर अजून तोफा वाजत होत्या. प्रत्येक आवाजाला सगळी माणसं एकदम खांदे आत घ्यायची. शेजारच्या चितेवर राम्पाय होती, तिच्या पलीकडे तोन. कामनुआन हात गळ्यात बांधून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

तोफा थांबल्यावर मला चौकीवर बोलावलं. वुथीला आणलं होतं, चेहरा सुजून भोपळा झालेला, एक डोळा मिटलेला. हेरगिरीचा संशय होता त्याच्यावर. अधिकारी तरुण होता, राजधानीकडचा. त्याने कामनुआनला साक्षीला बोलावलं होतं.

"तुम्ही याला फोनवर बोलताना पाहिलंत?"

"पाहिलं."

"खमेरमध्ये?"

"हो."

"काय बोलत होता?"

 कामनुआनने गळ्यात बांधलेला हात सावरला. मग म्हणाला, "आईशी बोलत होता. म्हणत होता, आई, भात चुलीवर राहू दे, आधी खंदकात जा. शेजारच्या म्हातारीलाही घेऊन जा."

अधिकाऱ्याने मान वर केली. "तुम्हाला खमेर कळतं?"

"माझी आई खमेरच बोलायची."

"मग त्या दिवशी तुम्हाला कळलं नव्हतं, तो काय बोलतोय ते?"

"कळलं होतं."

"मग?"

"राम्पाय आत जळत होती, साहेब. माझा पोरगा जळत होता. ज्यांनी टाकलं ते डोंगरापलीकडे होते. हा हाताशी होता."

 वुथी जमिनीकडे पाहत होता. अधिकाऱ्याने घसा खाकरला आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि या बाईंनी तुमच्यावर वार केला. तक्रार?"

"नाही."

"हात निकामी झालाय तुमचा."

"नाही म्हटलं ना."

बाहेर आल्यावर कामनुआन पायऱ्यांशी थांबला. मला वाटलं काहीतरी बोलेल. मीच म्हटलं, "दादा, तिला लाथा मारल्यात तुम्ही लोकांनी. मेलेल्या बाईला."  तो गेला. मी त्याला माफ केलं नाही. त्यानेही मला केलं नसेल, आणि करावं असं मला वाटतही नाही.

वुथीला सोडलं. मळ्याच्या मालकाने हमी भरली, राहायचा तात्पुरता परवाना मिळाला. सरहद्द बंद झाली होती, आईकडे जाता येत नव्हतं. ती जिवंत होती, खंदकात वेळेवर गेली होती. शेजारची म्हातारी खंदकात गेली नव्हती, ती वाचली नाही.

तो आता माझ्या घरी राहतो. मळ्यातले सगळे जण त्याच्याशी बोलत नाहीत. काही बोलतात. बऱ्याच दिवसांनी, पंपावर नवं दुकान बांधायला घेतलं त्या सुमारास, चोम्पू शाळेतून रक्ताळलेली मूठ घेऊन घरी आली. वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, तुझ्या बापाच्या लोकांनी तुझी आई मारली. हिने त्याचा दात पाडला.

वुथीने तिला समोर उभं केलं. "मारायचं नाही. कुणी काही म्हणालं तरी मारायचं नाही."

"मावशीने मारलं ना. सत्तूरने."

"मावशी मला वाचवत होती."

"मग मी काय करत होते? मीही तुम्हालाच वाचवत होते."

 वुथीला हसू फुटलं, त्या दिवसापासून पहिल्यांदाच, आणि हसताना बरगड्या दुखल्या म्हणून तो भिंतीला टेकला आणि तसाच हसत हसत खाली बसला. पोरगी आधी घाबरली, मग त्याच्या मांडीवर जाऊन बसली. हसणं संपून त्याचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि त्या मुलाच्या आईकडे जायला निघाले. माफी तर मागावीच लागणार होती.